मदत हवी आहे: जुन्या ओम्नीचा तळ गंजलाय, पत्रा कापून बदलू की पॅच मारू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं चिपळूणची, दोघंही निवृत्त. आमची २००६ ची पेट्रोलवर चालणारी मारुती ओम्नी व्हॅन आहे. मागची सीट घडी करून फळ्या टाकल्या की दोघांपुरती पथारी होते. डबे, स्टोव्ह, पाण्याचे कॅन फळ्यांखाली जातात. स्वयंपाक मात्र कायम बाहेर, गाडीत कधीच नाही.

ह्यांचे गुडघे गेलेत, लॉजचे जिने चढवत नाहीत. गाडीचा दरवाजा सरकवला की बसल्याबसल्या पाय जमिनीला लागतात, एवढ्यासाठीच मला ही गाडी सोडवत नाही. मागच्या माघात तवसाळच्या जेट्टीवर पहिल्या फेरीबोटीची वाट बघत होतो. शास्त्री खाडीवर धुकं, पलीकडचं जयगड दिसेना. चहा होईपर्यंत ह्यांनी तिथल्या मावशीकडून मुडदुशी (मासळी) घेतल्या आणि तिथेच बसून साफही केल्या. दुपारी गणपतीपुळ्याच्या पुढे झाडाखाली तळून खाल्ल्या. असे दिवस अजून पाच-सात वर्षं तरी हवेत.

आता अडचण. मालवणहून आल्यावर गाडीत कुबट वास यायला लागला. मॅट उचलली, तर खाली पाणी मुरलेलं. डाव्या मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. भोक रुपयाएवढं आहे, पण आजूबाजूला वीतभर पत्रा ठोकल्यावर बद्द वाजतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या गाडीला जोडणारी कडी (शॅकल) जिथे बसते ती जागा तिथून चार बोटांवर, म्हणून जास्त धास्ती.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये अंडरकोटिंग (गंज लागू नये म्हणून तळाला खालून लावतात तो थर) करून घेतलं होतं. आता कळतंय, गंज न खरवडताच वरून काळा थर मारला होता. तो अजून शाबूत दिसतो, पण नखाने उचकटला की आतून पत्र्याचे पापुद्रे निघतात. खारी ओल आतच कोंडून राहिली. पैसे गेले त्यापेक्षा आपली गाडी सुरक्षित आहे असं समजून दोन वर्षं निर्धास्त राहिलो, याचं वाईट वाटतं.

एक वेल्डर म्हणतो, वरून जाड पत्रा ठेवून रॉडने वेल्डिंग मारू, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा म्हणतो, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि सीओटू वेल्डिंगने (रॉडऐवजी बारीक तार आणि गॅस वापरून करतात ते) नवा तुकडा बसवायचा. मला दुसरं पटतं, कारण पॅचच्या खाली गंज राहिला तर तो चालूच राहणार, शिवाय पातळ पत्र्याला रॉडने भोकं पडतात. पण खर्च बराच जास्त आहे. शॅकलजवळचं असं काम कुणी करून घेतलंय का? नंतर गाडी एका बाजूला ओढते का? पेट्रोलची टाकी तळाशीच आहे, ती उतरवल्याशिवाय काम करू द्यायचं नाही हे मी ठरवलंय. २०२१ मध्ये रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवलं, २०२६ ला पुन्हा पासिंग. तिथे अशा कामाबद्दल काय विचारतात, हेही अनुभव असल्यास सांगा.

चिपळूण ते रत्नागिरीच्या पट्ट्यात मन लावून पत्र्याचं काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भर: दोघातिघांनी तळाला जळकं (इंजिनातून काढलेलं) ऑईल मारायला सुचवलंय, आभार. पण त्याने पाट्यांच्या सांध्यातले रबरी बुश फुगतात आणि ते ठिबकून शेवटी खाडीतच जातं, म्हणून नको. मी आता एवढं करते: फेरीबोटीतून उतरलं की त्याच दिवशी चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुते, दरवाज्यांच्या खालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करते. सरकत्या दरवाज्याच्या पट्टीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढते. तिथे ग्रीस लावू नका, वाळू धरून बसते.

गाडी सध्या पडवीत विटांवर आहे, मॅट काढून, दरवाजे उघडे. खालून काढलेले फोटो संध्याकाळी टाकते.