ग्लोव्ह्ज घातले तरी हात धुवायचेच

नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय, ग्लोव्ह्ज असताना हात कशाला धुवायचे? अगं, ग्लोव्ह्जना बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागू शकते. म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६०. हात मळलेले दिसले तर साबणच. जुलाबाच्या पेशंटनंतरही तेच, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोल पुरत नाही.

संसर्गाच्या साखळीच्या सहा कड्या, म्हणजे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे कसे पोचतात ते टप्पे, पाठ करता ना, मग वॉर्डात लघवीच्या कॅथेटरची (नळीची) पिशवी बघा. ती मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. स्ट्रेचरवर घेताना नातेवाईक ती मायेने पेशंटच्या पोटावर ठेवतात! लघवी मागे मूत्राशयात फिरते, आणि तिच्याबरोबर जंतूही. आमच्या खानापूरकडे पेशंटबरोबर अर्धं घर येतं, त्यामुळे समजावणंही मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत. "हात धुवा"बरोबर "कै तोळकोळ्री" एवढं तरी शिकून घ्या.

सुईचं मात्र मी स्वतः भोगलंय. ट्रेनिंगमध्ये टोपण परत लावायला गेले आणि बोटात घुसली. ओरडा बसेल म्हणून दुपारपर्यंत गप्प बसले, हा खरा मूर्खपणा. बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आतच सुरू करायची असतात. वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या डब्यात.