सुरक्षा परिषदेची सुधारणा: आधी मतदान की आधी एकमत?

सरळरेघ

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा विषय निघाला की 'पाच बडे (म्हणजे तिचे स्थायी सदस्य) काही सोडत नसतात' हे वाक्य ठरलेलं. त्याला एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो वादात कुणी आणत नाही, म्हणून हा धागा.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०८ नुसार दुरुस्तीला आमसभेत, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेत, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. मग तेवढ्याच देशांनी आपापल्या घटनेप्रमाणे अनुमोदन द्यायचं, आणि त्या अनुमोदकांत पाचही स्थायी सदस्य असले पाहिजेत. म्हणजे बड्यांचा नकाराधिकार (व्हेटो, एकट्याच्या नकाराने सगळं अडवण्याचा हक्क) अनुमोदनाच्या टप्प्यावर आहे, मतदानाच्या नाही.

१७ डिसेंबर १९६३. परिषद ११ वरून १५ करण्याचा ठराव आमसभेत ९७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, ४ तटस्थ. पाच बड्यांपैकी बाजूने मत देणारा एकटा चीन, आणि तोही तैपेईचा (तेव्हा चीनची खुर्ची तैवानमधल्या सरकारकडे होती). फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ. तरीही ३१ ऑगस्ट १९६५ ला दुरुस्ती लागू झाली, म्हणजे पाचांनीही निमूटपणे अनुमोदन दिलं. कारण उघड आहे. १९४५ मध्ये ५१ सदस्य होते, १९६३ अखेर ११३. वाढलेले बहुतेक आशिया-आफ्रिकेतले. त्यांची मर्जी दोन्ही महासत्तांना हवी होती, आणि एवढं बहुमत उभं राहिल्यावर 'तुमचं घोडं आम्ही अडवलं' असं आफ्रिकेला तोंडावर सांगायची कुणाची तयारी नव्हती.

तेव्हा क्रम होता आधी मतदान, मग दबाव. आज तो उलटा झालाय: आधी एकमत, मग मतदान. २००९ पासून आंतरसरकारी वाटाघाटी चालू आहेत, त्यात मतदानाला टाकता येईल असा एक सर्वमान्य मसुदाच नाही, आणि दर वर्षी विषय पुढच्या अधिवेशनाकडे ढकलला जातो. उदारमतवादी आंतरराष्ट्रीयवादाला, म्हणजे नियम आणि संस्थांवर भरवसा ठेवणाऱ्या विचाराला, लोक भाबडा म्हणतात. माझ्या मते तो भाबडा कमी आणि भित्रा जास्त झालाय. मसुदा मांडा, १९३ पैकी १२९ मतं गोळा करा आणि मग बघू अनुमोदन कोण अडवतं.

कोरडा पाषाण

इतिहास बरोबर, निष्कर्ष चूक. १९६३ मध्ये बड्यांनी सोडलं काय? चार अस्थायी खुर्च्या, दोन-दोन वर्षांच्या. नकाराधिकार जिथल्या तिथे राहिला. फुकटात मिळणारी सदिच्छा कोण नाकारेल? आज मागणी आहे स्थायी जागांची, म्हणजे मालकीत वाटा. तिथे १९६३ चा दाखला चालत नाही.

आणि मतदानाला कुणी टाकलं नाही म्हणता, तर २००५ बघा. तीन मसुदे तयार होते. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील या चौकडीचा २५ जागांचा: सहा नव्या स्थायी, चार अस्थायी, आणि नव्या स्थायींनी पंधरा वर्षांनंतरच्या आढाव्यापर्यंत नकाराधिकार वापरायचा नाही. आफ्रिकी संघाचा २६ जागांचा, नव्या स्थायींना पहिल्या दिवसापासून नकाराधिकार. तिसरा इटली-पाकिस्तान गटाचा, म्हणजे ज्याला लोक 'कॉफी क्लब' म्हणतात त्यांचा: नवी स्थायी जागा एकही नाही, दहा जादा अस्थायी.

तेव्हा १९१ सदस्य, म्हणजे १२८ मतं हवीत. आफ्रिकेची पन्नासेक मतं सोबत आल्याशिवाय ते गणित जमत नाही. ऑगस्टमध्ये अदिस अबाबाला आफ्रिकी संघाने चौकडीशी तडजोड नाकारली आणि तिन्ही मसुदे मतदानाशिवाय विरून गेले. इथे अडवणारे पाच बडे कुठे आले? आफ्रिकेला ठरवता येत नाही की स्थायी जागांवर तिची माणसं नायजेरियाची, दक्षिण आफ्रिकेची की इजिप्तची. भारताला पाकिस्तान आडवा, जर्मनीला इटली, ब्राझीलला अर्जेंटिना आणि मेक्सिको, जपानला दक्षिण कोरिया आणि चीन. प्रत्येक उमेदवाराच्या दारात एक शेजारी उभा आहे. सत्तेचं वाटप मतदानाने होत नसतं. १९४५ चं युद्धाने झालं.

उंटावरचा शहाणा

युद्धाने झालं म्हणता, तर त्याच सनदेत जर्मनी-जपानला 'शत्रूराष्ट्र' ठरवणारी कलमं (५३, ७७, १०७) अजून छापील आहेत. २००५ च्या शिखर परिषदेत सगळ्यांनी ती काढायचं कबूल केलं. काढली का? वाद नसलेली दुरुस्ती वीस वर्षांत झाली नाही आणि इथे स्थायी जागा वाटायला निघालोत. चालू द्या.

तळटीप

सरळरेघ, तुमच्या योजनेतला एक खिळा आधीच उपटला गेलाय. १९९७ मध्ये आमसभेचे अध्यक्ष रझाली इस्माईल यांनी तीन टप्प्यांची युक्ती मांडली होती: आधी नुसता चौकट ठराव, मग देशांची निवड, शेवटी सनद दुरुस्ती. पहिल्या टप्प्याला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशात भागेल, असा त्यांचा हिशेब होता. विरोधकांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये ठराव ५३/३० करून घेतला: या विषयावरचा कुठलाही ठराव वा निर्णय एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशाशिवाय नाही. परिणाम असा, की गैरहजर राहणारा आणि तटस्थ राहणारा, दोघंही हिशेबात विरोधात जातात. छोट्या देशाला कुणालाही न दुखावता नाही म्हणायची सोय झाली. मसुदे टेबलावर येऊन मतदानाला न जाण्यामागे हे मोठं कारण आहे.

पण तुम्ही दोघंही सनदेच्या मजकुरातच अडकलाय. झालेल्या सुधारणा मजकुराबाहेर झाल्या. कलम २७(३) शब्दशः वाचलं तर ठरावाला पाचही स्थायी सदस्यांचं होकारार्थी मत लागतं. प्रत्यक्षात तटस्थ राहणं म्हणजे नकाराधिकार नव्हे ही वहिवाट पडली, आणि १९७१ च्या नामिबियाबाबतच्या सल्लागार मतात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती मान्य केली. सनद न बदलता नकाराधिकाराची धार तेवढी बोथट झाली.

दुसरं सुएझ, १९५६. इजिप्तवर हल्ला करणाऱ्या ब्रिटन आणि फ्रान्स यांनी परिषदेत नकाराधिकार वापरल्यावर प्रकरण आमसभेच्या आपत्कालीन विशेष अधिवेशनात गेलं. अधिवेशन बोलावणं हा कार्यपद्धतीचा प्रश्न, त्याला नकाराधिकार लागू नाही. तेव्हा सात मतं पुरत, आज नऊ लागतात. त्याच अधिवेशनात पहिलं सशस्त्र शांतिसैन्य उभं राहिलं आणि त्यात भारतीय तुकडीही होती. 'शांतिसेना' हा शब्द सनदेत कुठेही नाही.

तिसरं अगदी अलीकडचं. लिश्टेनस्टाइनने पुढाकार घेतलेला २६ एप्रिल २०२२ चा ठराव ७६/२६२: नकाराधिकार वापरला की कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेची चर्चा आपोआप लागते. मतदानाविना संमत झाला. जगातल्या सर्वांत छोट्या देशांपैकी एकाने हे करून दाखवलं, आणि चौकडी अजून पत्रकं काढतेय.

कोरडा पाषाण

तळटीप, उदाहरणं उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहेत. सुएझमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही ब्रिटन-फ्रान्सच्या विरोधात होते, म्हणून ती पळवाट चालली. त्याच आठवड्यात हंगेरीवरही विशेष अधिवेशन झालं, ठराव झाले, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्येच राहिले. नियम एकच, निकाल दोन. फरक फक्त समोर कोण आहे याचा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर १४१ विरुद्ध ५ असा ठराव झाला, ३५ तटस्थ (त्यात आपणही). युद्ध थांबलं का?

उदारमतवाद्यांनी स्वतःच हात कसे पोळून घेतले तेही सांगा ना. मार्च २०११ चा लिबियाचा ठराव १९७३: बाजूने दहा मतं, पाच तटस्थ, त्यात भारत. नागरिकांच्या रक्षणासाठी 'आवश्यक ते सर्व उपाय' एवढीच परवानगी होती. ती ताणून राजवट पाडण्यापर्यंत नेली. ऑक्टोबरमध्ये सीरियाचा ठराव आला तेव्हा रशिया आणि चीन या दोघांनीही नकाराधिकार वापरला, आणि पुढची सगळी वर्षं लिबियाचं बोट दाखवत राहिले. 'संरक्षणाची जबाबदारी', म्हणजे सरकार आपल्या नागरिकांना वाचवत नसेल तर जगाने वाचवावं, हे तत्त्व त्याच्या भक्तांनीच मारलं.

सरळरेघ

लिबियाचं मान्य. पण त्यावर तोडगाही सुधारणावादीच निघाला. ब्राझीलने त्याच वर्षी मांडलं की परवानगी घेऊन बळ वापरणाऱ्यांनी परिषदेला वेळोवेळी हिशेब द्यावा. तो बारगळला, कारण पाश्चात्त्य देशांना पायात बेडी नको होती. म्हणजे तिथे तत्त्व थकलं नव्हतं, ऐकायचीच तयारी नव्हती.

हंगेरीबद्दल: रणगाडे थांबले नाहीत हे खरं. पण कसोटी 'युद्ध थांबलं का' एवढीच ठेवली तर जगातलं कुठलंही न्यायालय नापासच.

आता एक स्वस्तातली दुरुस्ती सुचवतो. कलम २३(२) चं शेवटचं वाक्य म्हणतं की मुदत संपलेल्या अस्थायी सदस्याला लगेच पुन्हा निवडून येता येणार नाही. तेवढं एक वाक्य काढा. नवी खुर्ची नको, नकाराधिकाराचा वाद नको, आफ्रिकेने आपली नावं ठरवायची गरज नाही. ज्याच्या मागे मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश उभे राहतात तो दर दोन वर्षांनी निवडून येईल आणि नालायक ठरला तर घरी जाईल. भारत आजवर आठ वेळा निवडून आलाय, मधे १९९२ ते २०११ असा लांबलचक खंड. २०२० मध्ये १९२ पैकी १८४ मतं पडली. सलग राहता आलं असतं तर वाटाघाटीतलं वजन आणि अनुभव दोन्ही साठलं असतं.

उंटावरचा शहाणा

१८४ का पडली तेही लिहा. आशिया-पॅसिफिक गटाने एकच नाव दिलं होतं, समोर उमेदवार नव्हता. समोर उमेदवार होता तेव्हा, १९९६ ला, जपानला १४२ मतं आणि आपल्याला ४०.

कोरडा पाषाण

आणि ती दुरुस्ती पहिल्यांदा हाणून पाडेल ती दिल्लीच. लगेच फेरनिवडणूक ही कॉफी क्लबचीच जुनी मागणी आहे, त्यांच्या २००५ च्या मसुद्यात ती होती. ती स्वीकारली की स्थायी जागेचा दावा आपणच सोडून दिल्यासारखं होतं, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला वाटतं. कलम १०८ पर्यंत जायच्या आधी तुम्हाला तिथे मत मिळवावं लागेल.