मोटरचा फोन: सोय की चोचले?

उसाचा_मळा
मोबाईल स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटरला जोडलेली, फोनवरून चालणारी पेटी. परवा इथं कुणी शहाण्यानं लिहिलं, "मोबाईल स्टार्टरला बोलायला लावणं म्हणजे नुसते चोचले. एक एसएमएस नाहीतर मिसकॉल पुरे." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

आमचे आण्णा ७४ वर्षांचे. चष्मा घरात, आण्णा बांधावर, हात चिखलात. एसएमएस वाचणार कोण? फोन वाजतो, बाई सांगते, "लाईट आली आहे, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबलं की मोटर खरंच चालू झाली का, तेही तीच सांगते. मागच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, तेव्हा "पाणी नाही, मोटर बंद केली आहे" असा फोन आला. मोटरचं वाइंडिंग जळायचं वाचलं. मिसकॉलवरून काहीतरी झालंय एवढंच कळतं. काय झालंय, ते कोण सांगणार?

वायरमन_भाऊ
तो शहाणा मीच. वीस वर्षं स्टार्टर बसवतोय.

साध्या फोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. पेटीतला आवाज आधीच चेपलेला, वर रेंजची एक काडी. "लाईट आली" आणि "लाईट गेली", फरक एका अक्षराचा आणि नेमकं तेच गळतं. एका गिऱ्हाइकाला नुसतं "...ली आहे" ऐकू आलं. भाकरी बांधून चार किलोमीटर गेला आणि अंधारात बसून खाऊन आला. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी काढलेल्या 'नॅनो गणेश' या मोबाईल स्टार्टरमध्ये लाईट आहे की नाही हे टोनवरून कळायचं. टोनला जोडाक्षरं नसतात.

कोडेकवाला
भाऊ, ते साध्या तारेच्या लायनीवर ठीक. मोबाईलचा कोडेक, म्हणजे आवाज चेपून पाठवणारी यंत्रणा, माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला असतो, नुसता सूर त्यातून वेडावाकडाही निघू शकतो.

आणि पेटीच्या बोलण्याला कुणी कृत्रिम वाचा, म्हणजे यंत्रानं स्वतः घडवलेलं बोलणं, समजू नका हो. १९७८ च्या 'स्पीक अँड स्पेल' खेळण्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप साठवलेल्या आकड्यांवरून आवाज नव्यानं घडवायची. तुमच्या पेटीत "मोटर", "चालू", "आहे" असे रेकॉर्ड केलेले तुकडे एकापुढे एक लावलेत. रेल्वे स्टेशनवर गाडीचा नंबर सांगतात ना, तसलं ठिगळकाम.

मात्रा_वेलांटी
ठिगळ लावणाऱ्याला मराठी येत नाही, त्याचं काय? आमची पेटी म्हणते, "मोटर चालू झाला आहे." तक्रार करायला फोन केला तर तिकडची बाई, "आपली कॉल महत्त्वाची आहे." सात मिनिटं ऐकलं. शेवटी मीच ठेवला.

जुन्नरी
झाला-झाली काय घेऊन बसलात! ती बाई रात्री दीडला बोलते, त्यावर बोला की. शेतीची लाईट पाळीनं: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. आमच्याकडे उसात बिबट्या. एक दाबून मोटर चालू होते, मान्य. सरीसरीत पाणी वळवायला दारं कोण धरणार, बाई?

उसाचा_मळा
ड्रिप कर.

जुन्नरी
पैसे तुझे सासरे देणार का? अनुदानाचा अर्ज करून दोन वर्षं झाली. आणि तुझे आण्णा बांधावर असतात म्हणतोस. रात्री दीडला कोण असतं? तू?

वायरमन_भाऊ
आमच्या फीडरवर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या लायनीवर, सोलरमुळं दिवसा लाईट असते.

जुन्नरी
मग तुमचा फीडर पाठवून द्या पाव्हणं. मागच्या थंडीत चुलत्यासमोर वाघरू आडवं गेलं. तेव्हापासून रात्री फोन वाजला की चुलती आधी देवापुढे हात जोडते. तुम्ही कोडेक शिकवा.

कोडेकवाला
धागा आवाजावर होता.

जुन्नरी
आवाज कुठल्या वेळी येतो ते आवाजातच धरतात आमच्याकडे.

माहेर_सातारा
पुरुष मंडळी, एक विचारू? पेटीत आवाज बाईचा, पण नंबर सगळे बाप्यांचे. आमच्या घरी रानात मी असते. हे चाकणला कंपनीत. लाईट आली की फोन यांना, हे मशिनीवर असले की उचलत नाहीत, मी विहिरीवर वाट बघत. दोन महिन्यांनी कळलं, पेटीत दुसरा नंबर घालता येतो. एका मेसेजचं काम! कुणी सांगितलं नव्हतं.

वायरमन_भाऊ
ताई, हे आमचं चुकतं. पेटी बसवताना मालकाचा नंबर घालतो आणि पैसे घेऊन निघतो.

उसाचा_मळा
अरे वा, भाऊंनी चूक कबूल केली! तारीख लिहून ठेवा रे. बरं, ते "...ली आहे"चं मलाही पटलं. काल मुद्दाम गोठ्यामागं जाऊन ऐकलं, काही कळेना. आमच्या पेटीत आवाज आपला भरता येतो. लाईट आल्यावर "पाणी सोडा" आणि गेल्यावर "अंधार" असं भरावं म्हणतोय.

वायरमन_भाऊ
"अंधार" बेस्ट. फक्त तुमच्या आवाजात भरू नका, आण्णा हिशोब विचारतील.

जुन्नरी
आणि रात्रीसाठी "झोपा" भरा.