दिव्यांग अनुदानाचा अर्ज द्यायला जाण्याआधी घरी काय तयारी केलीत?

माझा धाकटा भाऊ अपघातानंतर कुबड्यांवर आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलंय, पिवळ्या पट्टीचं (४० ते ८० टक्क्यांच्या मधलं). आता संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचाय. अटी वाचल्यात: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वर्षाला ५० हजारांच्या आत उत्पन्न, राज्यात १५ वर्षं वास्तव्य. कागदांची यादी कुणीही सांगेल. मला विचारायचंय ते घरातलं. जायच्या आधीचे पंधरा दिवस तुमच्याकडे काय चाललं होतं? ठाणे, कळवा, दिवा, ऐरोली ते बेलापूर, ज्यांनी हे पार केलंय त्यांनी लिहा.

कळव्याहून

ताई, आमचं सगळं घोडं बाबांच्या नावापाशी अडलं. रेशनकार्डावर दत्तू, आधारवर दत्तात्रय, पासबुकात आडनाव आधी. एका रविवारी सगळे कागद चटईवर मांडले आणि मी एकेक नाव, जन्मतारीख, पत्ता मोठ्याने वाचत गेलो, बायको वहीत उतरवत गेली. पाच चुका निघाल्या. आधी आधार दुरुस्त करा, बाकीचं त्याच्यावर उभं असतं. उत्पन्नाचा दाखला मात्र सगळ्यात शेवटी काढा. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. आम्ही फेब्रुवारीत काढून ठेवला, नावं सुधारेपर्यंत एप्रिल उजाडला आणि परत रांग.

आणि बाहेर कुणी स्टॅम्प पेपर घ्या म्हणालं तर आधी आत विचारा. २०१५ पासून बहुतेक दाखल्यांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. आमचे पाचशे रुपये त्यात गेले.

खारघरहून

पत्त्यात नवी मुंबई आहे म्हणून मी आईला घेऊन थेट ठाण्याला आलो. ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पूर्ण दिवस फिरवून मला हे कळलं. तुम्ही निघण्याआधी तालुका बघा.

वागळे इस्टेटहून

माझ्या मिस्टरांना स्किझोफ्रेनिया आहे, चौदा वर्षं. तुमच्या भावाचा पाय दिसतो. यांचं काही दिसत नाही. दिव्यांगत्वाचे टक्के ठरवायच्या डॉक्टरी तपासणीच्या दिवशी मीच त्यांची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसे आहात? हे म्हणाले, उत्तम. मला रडू आलं, कारण आदल्या आठवड्यात चार दिवस त्यांनी आंघोळ केली नव्हती आणि दार आतून लावून घेतलं होतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वही नेली. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरतं. त्यात स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम हे चार भाग आणि आजार किती वर्षांचा ते बघतात. मी दीड महिना रोज रात्री या चारांखाली दोन-दोन ओळी लिहिल्या. 'आज जेवण तीनदा सांगून दिलं.' 'शेजारचे दादा आले, हे आत निघून गेले.' नवऱ्याबद्दल असं लिहिताना हात जड व्हायचा. चुगली केल्यासारखं वाटायचं. पण आपण चांगले दिवसच सांगत राहिलो तर वाईट दिवस कुणाला कळणार? डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली. माझ्यासाठी तेच खूप होतं.

अर्जासाठी तहसीलला जाताना मात्र त्यांना आधी विचारलं, येताय का? तो अर्ज त्यांचा आहे.

घणसोलीहून, एक आई

मुलगा एकोणीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मुलाला अठरा पूर्ण झाली की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुदिव्यांगत्व यांनाही तेच. बँकेत खातं चालवायला ते लागलं. ज्यांची मुलं सोळा-सतराची आहेत, त्यांनी आत्तापासून चौकशी सुरू करा.

त्याची तयारी वेगळी करावी लागली. गर्दीत तो कान झाकतो. म्हणून आधी एका दुपारी नुसतेच ठाण्याला जाऊन आलो, दिव्यांगांच्या डब्यातून. कोर्ट नाका दाखवला, वडापाव खाल्ला, परत आलो. घरी आठवडाभर अंगठा उठवायचा खेळ खेळलो, निळी शाई, जुनी वही. खऱ्या दिवशी अंगठा उठवला आणि माझ्याकडे बघून हसला.

ऐरोलीहून

मला ऐकू येत नाही. 'मी कर्णबधिर आहे, कृपया लिहून सांगा' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा नेला. नंबर पुकारतात तेव्हा कळत नाही, म्हणून शेजारच्या काकूंना आधीच दाखवून ठेवला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी उठले. अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, ते जोडलंय का हे बँकेत जाऊन बघा. पुढे दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यायचा असतो.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचं वाचून दाखवलं भावाला. वागळेच्या ताईंचं परत वाचायला लावलं. मग म्हणाला, जिना चढताना मी मध्ये किती वेळ बसतो ते तू लिही, मला सांगवत नाही. आज वही आणली. कागद रविवारी चटईवर मांडतोय. उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नाही, बरं झालं.