देवाची ओळख आणि चांगुलपणाची वाढ

प्रश्न: बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची आणि पुढे इंद्रियदमनापासून प्रीतीपर्यंत भर घालण्यास सांगितले आहे. ही भर माणसाने प्रयत्नाने घालायची, की देवाला ओळखल्याने ती आपोआप होते? अनेक वर्षे उपासनेला जाऊनही माझा राग कमी झालेला नाही, म्हणून मनापासून विचारतो.

पहिले उत्तर: पाचव्या वचनाआधी तिसरे वाचावे. जीवनाला आणि सुभक्तीला आवश्यक ते सर्व देवाच्या ओळखीने आधीच मिळाले आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणून प्रयत्न हा ती ओळख मिळवण्याचे मोल नसून मिळालेल्या कृपेला दिलेला प्रतिसाद आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एपिग्नोसिस’ येथे माहितीपेक्षा नात्यातून येणारी ओळख सुचवतो.

दुसरे उत्तर: पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, त्याची ओळख नंतर झाली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. मात्र त्या ओळखीपूर्वीच, १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू केली होती, हे विसरू नये. माझ्या मते त्या ओळखीने सेवेचा आधार बदलला आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या कार्यात तो दिसतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मी राग आवरण्याची प्रार्थना करीत आलो, पण ज्याच्यावर रागावलो त्याच्याविषयी ख्रिस्ताशी कधी बोललोच नाही. आज रात्री तेथूनच आरंभ करतो.