सोलोवर अडकलोय, परत निघू की थांबू? जरा लवकर सांगा

पहिलंसोलो: विमान शिकतोय, सोलो क्रॉस-कंट्रीवर आहे, म्हणजे एकट्याने लांब दुसरीकडे जाऊन परत यायचं. येताना एकदम स्वच्छ होतं. आता परतीच्या दिशेला काळं दिसतंय, इथे मात्र चक्क ऊन आहे. सर फोन उचलत नाहीयेत. अंतर फार नाही. आत्ता निघालो तर पोचेन असं वाटतंय, तासभर थांबलो तर नक्की अडकणार. थिअरी नको प्लीज, निघू का नको एवढंच सांगा.

रनवे०९: विमान कुठलं? अंतर किती? इंधन? मधे डोंगर? यातलं काहीच न सांगता 'निघू का' विचारलंस तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

पहिलंसोलो: सेसना १५२. ६० नॉटिकल मैल. मधे एक डोंगररांग आहे. इंधन पुरेसं आहे.

रनवे०९: पुरेसं म्हणजे किती तास?

पहिलंसोलो: अडीच. आत्ताचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल): वारा १२ नॉट, झोत २२, दृश्यमानता ६ किमी, ढग ब्रोकन (अर्ध्याहून जास्त आकाश झाकलेलं) १८०० फूट, तापमान २६, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला वाफेचे थेंब होतात) २२. म्हणजे व्हीएफआरमध्ये, बाहेर बघून उडायच्या नियमांत, बसतंय ना?

ढगाखालून: बसतंय की. निघ. १८०० फूट म्हणजे भरपूर. खाली राहायचं, हमरस्ता धरायचा, चाळीस मिनिटांत घरी. आमच्या वेळी असल्या हवेला कुणी खराब म्हणत नसे.

साशंक: ढगाखालून, तुमचा अनुभव तुमच्यापाशी ठेवा हो. तो विद्यार्थी आहे, एकटा आहे.
पहिलंसोलो, हा मेटार कुठला? तू उभा आहेस तिथे तर ऊन आहे म्हणतोस.

पहिलंसोलो: इथे टॉवर नाही, मेटार निघत नाही. वाटेवरच्या मोठ्या विमानतळाचा आहे. तासापूर्वी तिथे २८ आणि २१ होतं.

साशंक: हे आधी सांगायला हवं होतंस. तासाभरात तापमान आणि ड्यू पॉइंटमधला फरक ७ वरून ४ वर आलाय. एका अंशाला साधारण ४०० फूट धर, म्हणजे हिशेबाने ढगाचा तळ २८०० वरून १६०० वर. मेटारमधली उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात. डोंगररांग तिथल्यापेक्षा किती उंच?

पहिलंसोलो: चार्टवर ९०० फूट जास्त दिसतेय.

साशंक: मग १६०० मधून ९०० गेले, उरले ७००. जमिनीपासून किमान ५०० फूट ठेवायचे. म्हणजे तुझ्या डोक्यावर उरतात २००, तेही तळ आणखी खाली आला नाही तर. शिवाय झोताचा वारा डोंगरावरून येताना खाली ओढतो तो वेगळाच.

ढगाखालून: कंट्रोल नसलेल्या हवाई क्षेत्रात कमी उंचीवर ढगाबाहेर असलं आणि जमीन दिसली की पुरतं. नियम वाचा.

साशंक: नियम पाठ आहे. तो कायद्याचा किमान आकडा झाला. खिंडीत ढग उतरला आणि मागे वळायला जागा नसली की नियमाचं काय करायचं?

जुनीपट्टी: १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात २० जणांना, ज्यांना उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नव्हतं, बाहेरचं काही दिसू न देता उडवलं होतं. एकोणीस जण सर्पिल घसरणीत गेले, विसावा स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल संपून. ताबा जायला सरासरी १७८ सेकंद. कानातला तोल वळण मंद असलं की ते 'सरळ' म्हणूनच कळवतो, म्हणून आतून काय वाटतंय त्यावर जायचंच नाही.

रनवे०९: हे दरवेळी येतं. ते बोनान्झा विमान होतं, १५२ पेक्षा कितीतरी चपळ. आणि त्याच लोकांना नंतर उपकरणांवर शांतपणे १८० अंश वळायला शिकवलं, तेव्हा जवळजवळ सगळे सुखरूप बाहेर आले. ते कुणी सांगत नाही. स्टँडर्ड रेटने सेकंदाला ३ अंश, म्हणजे मिनिटभरात मागे वळून होतं.

टॅब्लेटवाला: तुमच्याकडे टॅब्लेट नाही का? जीपीएस आणि रडारचं चित्र समोर असलं की असले धागेच निघणार नाहीत. मी तर त्याशिवाय उडतच नाही.

साशंक: ते चित्र कित्येक मिनिटं जुनं असू शकतं. वादळाच्या कडेकडेने जायला ते वापरू नका. वादळी ढगापासून २० मैल लांब राहायचं, बस.

निळाआकाश: माझ्या मुलाला चष्मा आहे, नंबर वजा २. त्याला पायलट होता येईल का?

जुनीपट्टी: वेगळा धागा काढा.

पहिलंसोलो: अहो मी इथे विमानाशेजारी उभा आहे आणि तुम्ही भांडताय! सूर्यास्ताला दोन तास आहेत, म्हणून घाई आहे.

रनवे०९: मग तर प्रश्नच मिटला. अंधार, डोंगर, उतरता ढग आणि सोलो. आज निघू नकोस. सर नाही उचलत तर शाळेच्या ऑपरेशन्सला लाव, ड्युटीवर कुणीतरी असतंच.

कार्बहीट: कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. २६ अंशांतही अशा दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये, इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळतं तिथे, बर्फ धरतो. १५२ असल्यामुळे कमी पॉवरवर उतरताना कार्ब हीट (तिथे गरम हवा सोडायची कळ) पूर्ण ओढायची. आरपीएम आधी पडतो, बर्फ वितळताना इंजिन खडखडतं, तेव्हा घाबरून परत आत ढकलू नये.

ढगाखालून: विमान जमिनीवर आहे आणि तुम्ही कार्ब हीट शिकवताय!

पहिलंसोलो: ऑपरेशन्सला फोन लागला. थांबायला सांगितलंय, सर उद्या सकाळी येतात. विमान बांधून ठेव म्हणाले. दोर आहेत, पण कंट्रोल लॉक (योक हलू नये म्हणून लावायची खीळ) शाळेतच राहिलंय. आणि झोत वाढतोय.

साशंक: नाक वाऱ्याकडे कर. दोन्ही पंखांच्या स्ट्रटवरच्या (आधाराच्या दांड्यांवरच्या) कड्या आणि शेपटीची कडी, दोर अगदी ताणू नकोस. योक, म्हणजे स्टिअरिंग, पूर्ण मागे ओढून सीटबेल्टने गुंडाळ. चाकांना लाकडी ठोकळे.

कार्बहीट: पिटोचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, कव्हर विसरू नकोस. किडे घर करतात.

रनवे०९: आणि परतीचा फ्लाइट प्लॅन भरला होतास का? भरला असशील तर रद्द कर, नाहीतर तू पोचला नाहीस म्हणून तिकडे शोधाशोध सुरू होईल.

पहिलंसोलो: भरलाय. टॉवर नाही तर कुणाला सांगू?

रनवे०९: ज्यांच्याकडे भरलास त्यांनाच फोन. नंबर तुझ्या ब्रीफिंगच्या कागदावर असेल, वरच्या कोपऱ्यात बघ.