विषय: चार्जिंगला लावलेल्या गाडीवर १०० पौंडांची नोटीस – शुक्रवारच्या आत सल्ला हवा

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी आमची गाडी हॉलपलीकडच्या रिटेल पार्कात चार्जिंगला लावली होती, तिची नोटीस आलीय. कॅमेऱ्यात आत १३:४१, बाहेर १५:३३. मर्यादा ९० मिनिटांची, म्हणून १०० पौंड. १४ दिवसांत भरले तर ६०, आणि ते दिवस शुक्रवारी संपतात.

दोन चार्जरपैकी एक बंद होता, दुसऱ्यावर आधीची गाडी. ॲपच्या पावतीवर चार्जिंग १४:०९ ते १५:२४ असं स्वच्छ दिसतंय. त्या थंडीत ५० किलोवॉटच्या चार्जरवर गाडी २७-२८ च्या वर ओढतच नव्हती. म्हणजे गाडी तिथे उभी होती ती तिथलीच वीज विकत घेत, आणि त्याच वेळाचा वर दंड!

गाडी ऑफिसच्या सॅलरी सॅक्रिफाइसवर आहे, म्हणजे भाडं पगारातून कापून लीजवर घेतलेली. नोटीस आधी लीज कंपनीला गेली, त्यांनी माझं नाव कळवलं, आता माझ्या नावाने आलीय. घरात सगळ्यांचं म्हणणं, साठ भर आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. कोणी लढलंय का?

वैशाली

---

प्रेषक: प्रकाश

वैशाली, एक पेनी देऊ नकोस. खाजगी कंपनीला दंड करायचा अधिकारच नाही. मला २०१० च्या सुमारास वॉटफर्डला अशीच नोटीस आली होती, सरळ केरात टाकली. मग लाल अक्षरांतली पत्रं येत राहिली, शेवटी थकले आणि थांबले. तू तर त्या दिवशी एकटी गाडी चालवत आलीस, वड्यांचे डबे सांभाळत, आम्ही पाहिलं ना. असल्या लोकांना भीक घालू नये.

प्रकाशकाका

---

प्रेषक: मंदार

काका, २०१० ला ते चाललं, आता चालत नाही. कृपा करून कोणीही हा सल्ला ऐकू नका.

२०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टचं चौथं परिशिष्ट आलं तेव्हापासून चालक कोण ते कळलं नाही तरी गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली असते त्याच्याकडून, पैसे मागता येतात. मग २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात बीव्हिस नावाच्या गाडीवाल्याचा निकाल लागला. चेम्सफर्डचं रिटेल पार्क, दोन तास फुकट, तो ५६ मिनिटं जास्त थांबला आणि ८५ पौंड कायम झाले. पत्रं केरात टाकली तर आधी वसुलीवाले ७० पौंड वाढवतात, मग कोर्टाचा दावा येतो. त्याला उत्तर दिलं नाही की एकतर्फी निकाल, आणि महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर बसतो. मॉर्गेज नूतनीकरणाच्या वेळी माझ्या भावाच्या मित्राला हे फार महागात पडलंय.

दुसरं, गाडी कोण चालवत होतं हे इथे कोणीही लिहू नका. कंपनीला ते सांगायचं बंधन आपल्यावर नाही आणि लीजच्या गाडीत सगळी मेख तिथेच आहे. वैशालीताई, नोटिशीच्या पाकिटात आणखी कुठले कागद आहेत ते आधी सांगा.

मंदार

---

प्रेषक: प्रकाश

मंदार, मी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? या लिस्टवर मी वीस वर्षं आहे, कोणी असं गप्प केलेलं नाही. आणि ७० पौंड वाढवले म्हणजे ते द्यावेच लागतात असं नाही. वसुलीवाले म्हणजे बेलिफ (कोर्टाचे जप्तीवाले) नव्हेत, त्यांना घरात शिरायचा हक्क नाही. तेवढं तरी लिहायचंस.

---

प्रेषक: अनघा (सचिव)

नमस्कार,

ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की गाड्या शाळेच्या पटांगणात लावाव्यात, रिटेल पार्कात लावू नयेत. गणपतीत बॅरिअरचं जे झालं त्यानंतर तरी ही सूचना सगळ्यांनी वाचायला हवी होती.

अनघा

---

प्रेषक: हेमंत

अनघाताई, पार्किंगची मेल मी पाठवतो आणि त्यात चार्जिंगबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण शाळेत चार्जरच नाही. कार्यक्रमाला येऊन तिथे गाडी ठेवणं वेगळं, चार्जिंगला लावणं वेगळं. बॅरिअरचा विषय कमिटीत संपलेला आहे, तो इथे पुन्हा नको.

---

प्रेषक: नितीन

मी आता स्कॉटलंडात, एडिनबरोला आहे तरी लिस्ट वाचतो. वैशाली, चालकाचं नाव सांगू नकोस, विषय संपला. कीपरवर जबाबदारी येतच नाही. माझ्या दोन नोटिसा अशाच गेल्या.

---

प्रेषक: मंदार

नितीन, चौथं परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, म्हणून तुझ्याकडे ते जमलं. वैशालीताई इंग्लंडमध्ये, स्लाउजवळ आहेत. इथे तेवढ्यावर भागत नाही.

---

प्रेषक: शिरीष

मला एक कळत नाही. कार्यक्रमाला निघायच्या आधी गाडी घरीच रात्रभर का चार्ज करत नाही? स्वस्तही पडतं. आमच्याकडे पहाटेच्या दरात पूर्ण भरते. इलेक्ट्रिक गाडी घेताना हे गृहीत धरायला हवं.

---

प्रेषक: वैशाली

शिरीषदादा, आमचं टेरेस घर आहे, ड्राइव्हवे नाही. फुटपाथवरून केबल टाकायला कौन्सिल परवानगी देत नाही. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, रस्त्यावरच्या चार्जरवर २०. ज्याला दारात जागा नाही त्याने महाग वीज घ्यायची, चार्जर बंद असला तर रांगेत थांबायचं आणि थांबल्याचा दंडही भरायचा. मी म्हणूनच लढायचं म्हणतेय. या रस्त्यावर राहणारे पुढे गाड्या घेणार आहेत, त्यांच्यावरही हीच वेळ येणार.

मंदार, पाकिटात एकच कागद आहे, पुढे-मागे छापलेला. कॅमेऱ्याचे दोन फोटो, रक्कम, पैसे कसे भरायचे. बाकी काही नाही.

---

प्रेषक: मंदार

मग तुमची बाजू भक्कम आहे. भाड्याच्या गाडीसाठी त्याच परिशिष्टात वेगळी वाट आहे. लीज कंपनीने नाव कळवताना करारनाम्याची प्रत आणि भाडेकरूने सही केलेलं जबाबदारीचं निवेदन पार्किंग कंपनीला द्यायचं असतं. पार्किंग कंपनीने मग २१ दिवसांत तुम्हाला नोटीस द्यायची, तीही या दोन्ही प्रती आणि मूळ नोटिशीची प्रत सोबत जोडून. यातलं काही नसेल तर चालकाची जबाबदारी भाडेकरूवर ढकलता येत नाही. बहुतेक कंपन्या नुसता कागद पाठवतात, कारण बहुतेक लोक साठ भरून टाकतात. डीव्हीएलएकडून (सरकारी वाहननोंदणी खातं) कीपरचा पत्ता त्यांना अडीच पौंडांत मिळतो, त्यामुळे नोटीस पाठवायला फारसं काही लागत नाही.

---

प्रेषक: रोहिणी

मी एचआरमध्ये याच स्कीम बघते, म्हणून राहवत नाही. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये लीज कंपनीचा करार ऑफिसशी असतो, वैशालीशी नाही. तेव्हा "भाडेकरू" वैशाली आहे की ऑफिस, इथपासूनच प्रश्न आहे. पार्किंग कंपनीने तिचं नाव छापलं म्हणून ती भाडेकरू ठरत नाही.

पण वैशाली, आजच्या आज लीज कंपनीला लिही की दंड परस्पर भरू नका, अपील चालू आहे. बऱ्याच स्कीममध्ये त्यांना तो भरून, वर प्रशासन शुल्क लावून पगारातून कापायची मुभा असते. एकदा भरला की अपीलच उरत नाही. आमच्याकडे दोघांचं असंच झालं, तेव्हा मी स्वतः भांडले पण पैसे परत आले नाहीत.

---

प्रेषक: सुनीता

मी रिटेल पार्कच्या मागेच राहते, आत्ता दूध आणायला गेले तेव्हा पाहून आले. आत शिरताना खांबावर बोर्ड आहे, ९० मिनिटं, परत न येणे वगैरे, गाडीतून जाताना वाचता येईल असा. चार्जरपाशी मात्र वेगळी हिरवी पाटी आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लॉरेलच्या कुंपणात अर्धी शिरलेली. पानं बाजूला करावी लागली. तिच्यावर "चार्जिंग चालू असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच" एवढंच. मिनिटांचा उल्लेख नाही. बंद चार्जर अजून बंदच आहे, पडद्यावर तोच लाल मजकूर. फोटो काढलेत, पाहिजेत का?

---

प्रेषक: मंदार

हवेतच! सुनीताताई, खांबावरचा बोर्ड आणि ही पाटी एकाच चौकटीत येतील असा एक लांबूनही घ्या.

२०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टच्या कलम ६९ नुसार अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या फायद्याचा अर्थ धरायचा. एका पाटीवर ९० मिनिटं, दुसरीवर चार्जिंग चालू असेपर्यंत. चेम्सफर्डला बोर्ड मोठे होते आणि वेळेची अट एकच होती, तो निकाल इथे जसाच्या तसा लागत नाही.

मिनिटांचा हिशेबही मांडा. एकूण ११२. ऑक्टोबर २०२४ पासून पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही संघटनांची जी एकच आचारसंहिता लागू झाली तिच्यात शेवटी दहा मिनिटांची सवलत आहे. म्हणजे वाद उरतो बारा मिनिटांचा, आणि १३:४१ ते १४:०९ ही अठ्ठावीस मिनिटं त्यांचा चार्जर बंद होता म्हणून गेली. कॅमेरा फाटकातून आत आल्यापासून मोजतो, केबल लागल्यापासून नाही.

शुक्रवारच्या आत अपील गेलं तर ते फेटाळल्यावर साठची सवलत पुन्हा १४ दिवस द्यावी लागते. म्हणून आत्ता भरायची घाई नको. फेटाळलं तर पुढचं अपील पोप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थांकडे, कंपनी कुठल्या संघटनेची आहे त्यावर. तिथे गेलात की मात्र साठ विसरायचे.

पत्रात "चालक", "गाडी" असंच लिहा. "मी लावली", "मी थांबले" एकदाही नको.

---

प्रेषक: प्रकाश

आणि दुकानाच्या मॅनेजरला भेट. त्या दिवशी तिथे काही घेतलं असेल तर पावती दाखव. जागा त्यांची, त्यांनी एक ईमेल टाकली की नोटीस रद्द होते. आमच्या शेजारणीची अशीच झाली. मंदारच्या कायद्यापेक्षा हे लवकर होईल.

---

प्रेषक: वैशाली

काका, साखर आणि हळदीकुंकवाच्या वाट्या तिथूनच घेतल्या होत्या, बँकेच्या स्टेटमेंटवर आहे. उद्या मॅनेजरला भेटते. लीज कंपनीला रोहिणीने सांगितलं तसं लिहिलंय, त्यांनी पैसे भरलेले नाहीत असं उत्तरही आलं. मंदार, अपीलचा मसुदा रात्री पाठवते, नजर टाक. साठ भरणार नाही, घरी सांगितलंय.

---

प्रेषक: हेमंत

गुढीपाडव्याच्या पार्किंगच्या मेलमध्ये या चार्जरबद्दल मीच लिहीन, दुसऱ्या कोणी वेगळी सूचना काढू नये. ९० मिनिटं फाटकापासून मोजतात आणि एक चार्जर बंद आहे, एवढं त्यात असेल. सुनीता, पाटीचा फोटो त्यात वापरू का?